फॉरमॅट मागतंय

गुरुवारी पडेगावात, दौलताबाद रस्त्याच्या कडेला, एका पत्र्याच्या शेडसमोर रांग लागायची. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात लाल कपड्यात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह आणि एक लिंबू असे. लिंबू कुठल्या पोर्टमध्ये घालायचं, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

आत संचिकानंद महाराज बसत. लोक त्यांना फायलीबाबा म्हणत. घरच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही असा पेन ड्राइव्ह बाबांच्या पडद्याआड जाई, घंटा वाजे, उदाचा धूर निघे, आणि तो परत येई तो चालू होऊनच. यात खोटं काही नव्हतं. तो खरंच चालू होई. पंचाईत होती ती हीच.

"बाळांनो, देह म्हणजे नुसतं कव्हर," बाबा सांगत. "आत्मा म्हणजे डेटा. कॉपी केलेलं कर्म कुठं ना कुठं पेस्ट होणारच."

बायका डोळे पुसत. एका गृहस्थांनी हे वाक्य तिथल्या तिथं स्टेटसला ठेवलं.

रांगेत उभ्या रूपाच्या पायांना मात्र थारा नव्हता. ती पेन ड्राइव्ह या हातातून त्या हातात करत होती. पुढं सासू सुरेखाबाई, आजेसासू कडूबाई आणि लिंबू धरून नवरा अभय. मागं तिचा भाऊ सुदर्शन.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. फुलंब्रीला सासरी लग्नाचा व्हिडिओ बघायला सगळी भावकी जमली, अभयनं लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला, आणि स्क्रीनवर नवरा-नवरीऐवजी एक चौकट आली. अभय सहज म्हणून गेला, "फॉरमॅट मागतंय."

त्या घरात आजवर काही मागणारे दोघंच होते. एक देव, दुसरं भूत. कडूबाईंनी काळं कोंबडं चालेल का विचारलं. अभयनं समजावलं की आजी, फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. या खुलाशानं प्रकरण आणखी चिघळलं. घरात शिरून सगळं पुसून मागणारं भूत म्हणजे काही साधंसुधं नव्हतं. ते कुणाच्या पावलानं आलं, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी म्हशीनं पान्हा चोरला. म्हशीला पेन ड्राइव्हचं कुणी सांगितलं, कोण जाणे.

सुरेखाबाईंनी सुनेला पडेगावला माहेरी आणून सोडलं. बाधा पेन ड्राइव्हात असली तर महाराज काढतील, सुनेत असली तर सून माहेरीच बरी. निकाल आज लागायचा होता.

रूपा लग्नाआधी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. खरं कारण तिनं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. पण नव्या सुनेच्या बोलण्याला घरात म्हशीइतकंही वजन नव्हतं. सुदर्शन शेंद्र्याला एका कंपनीत डिझाइनचं काम करायचा. तिथला लॅपटॉप घरच्यापेक्षा वेगळ्या जातकुळीचा. त्याच्यावर लग्न एका झटक्यात उघडलं. पण हे सासूला सांगण्यात अर्थ नव्हता. शेंद्र्याला दुसरा बाबा असंल, एवढंच त्या म्हणाल्या असत्या.

मागच्या गुरुवारी रूपानं याच रांगेत येऊन चौकशी केली होती. सगळ्यांचे पेन ड्राइव्ह एकाच स्टुडिओचे निघाले. स्टुडिओ गोकुळचा. आणि गोकुळ बाबांचा सख्खा भाचा. आज खरा पेन ड्राइव्ह तिच्या पर्समध्येच होता. हातात होता तो नवा, सुदर्शनच्या लॅपटॉपवर तयार केलेला. त्यात एकच फाइल होती.

नंबर आला. पेन ड्राइव्ह पडद्याआड गेला. घंटा वाजली. धूर निघाला. आणि आतून बाईचा आवाज आला.

"गोकुळदादा, आवाज कमी कर. बाहेर ऐकू जातंय."

शेडमधली माणसं भराभर जमिनीला डोकं टेकायला लागली. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण क्षणभरच.

"बोलली," ते हात वर करून म्हणाले. "कोण गं तू? नाव सांग."

रेकॉर्डिंग आपल्या गतीनं पुढं सरकलं. "मी रूपा."

सुरेखाबाई मटकन खाली बसल्या. "बाई गं. म्हंजे हिच्यातच हाय."

रूपानं सगळं नीट ठरवलं होतं. फक्त आपणच भूत ठरू, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. बाबांनी सव्वा वर्ष सुनेला उंबरा ओलांडू देऊ नका असा निकाल दिला. कुणीतरी तिच्या अंगावर लिंबू फेकलं. अभयनं आपलं लिंबू आणखी घट्ट धरलं.

रूपानं धाव घेतली आणि पडदा ओढला.

आत गोकुळ मांडी घालून बसला होता. समोर दोन लॅपटॉप, कडेला धुपाटणं आणि पायाच्या अंगठ्याला घंटेची दोरी. दचकून त्यानं पाय ओढला, तशी घंटा परत वाजली. रेकॉर्डिंग म्हणत होतं, "ही फाइल इथं उघडली, म्हणजे लग्नाचीही उघडत असणार."

बाबा म्हणाले, हे साधनेचं यंत्र आहे. गोकुळ म्हणाला, व्हय, मामाचं. कुणीच डोकं टेकलं नाही.

रूपा कडूबाईंसमोर बसली. "आजी, तुमच्या ट्रंकेत निजामाच्या काळातला जमिनीचा कागद आहे ना? कशात लिहिलाय?"

"उर्दूत."

"ह्यांना वाचता येतो?"

"अभ्याला? त्याला काय येतंय."

"मग तो पुसून कोरा करायचा?"

"पुसून?" कडूबाई उसळल्या. "जमीन हाय ती. वाचणारा आणायचा, मराठीत उतरून घ्यायचा."

"आपला कॉम्प्युटर तेच सांगत होता. ही लिपी मला येत नाही, सगळं पुसून माझ्या लिपीत आखून घेऊ का? तो मागत नव्हता, आजी. विचारत होता."

मग तिनं सगळ्यांदेखत गोकुळलाच कामाला लावलं. खरा पेन ड्राइव्ह लावला. आधी लग्न त्याच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं, कारण फॉरमॅट केलं की आतलं जातं. मग पेन ड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या पद्धतीनं फॉरमॅट केला. ती लिपी दोन्ही जातीच्या कॉम्प्युटरना वाचता येते. लग्न परत आत भरलं आणि शेजारच्या, घरच्यासारख्याच साध्या लॅपटॉपला लावलं. स्क्रीनवर अक्षता पडायला लागल्या. पडद्याआड रोज एवढंच घडत होतं. गोकुळ मुद्दाम फक्त स्वतःला वाचता येईल असा पेन ड्राइव्ह देई, आणि मामाच्या नावानं इथं बसून तोच तो सगळ्यांना वाचता येईल असा करी.

रांग मोडली नाही. रांगेनं फक्त रूपाकडं तोंड फिरवलं. एका म्हाताऱ्यानं आपला पेन ड्राइव्ह रूपाच्या पायांवर ठेवला. तिनं तो उचलून त्याच्या हातात दिला. पाया पडायचं नाय आजोबा, म्हणाली, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायचं, नाही कळलं तर कळणाऱ्याला विचारायचं, आणि कळेपर्यंत कशालाही हो म्हणायचं नाही. माउसला हात लावा, मी सांगते.

सुरेखाबाई अजून खालीच होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि सवयीनं महाराजांकडंच बघितलं.

"मग महाराज, सून घरी न्यायची का नाय?"

महाराज उत्तर द्यायला सरसावलेही.

"आत्या," रूपा सासूला म्हणाली, "हे मला विचारायचं."

शेडमध्ये सगळे अभयकडं बघायला लागले. त्यानं हातातलं लिंबू खाली ठेवलं.

"रूपा, येतीस का घरी?"

"ह्यांचं काम झालं की येते," ती म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या बोटाला धरून त्याला माउस दाखवायला लागली.