दसऱ्याची कॉइल

"तीनदा साबण लावला तरी अंगाचा वास जात नाही. उशीलासुद्धा आता औषधाचा वास येतो. त्यापेक्षा दारू पिऊन आला असता तर बरं, सकाळपर्यंत उतरली तरी असती."

संजना हे कुणाला सांगत नव्हती. तांब्याची पट्टी मशीनवर गुंडाळता गुंडाळता स्वतःशीच कुरकुरत होती. पण नवसाबाईंचं मशीन हातभर अंतरावर. त्यांच्या कानात शब्दन् शब्द पडला.

"लिंबू चोळायला सांग त्याला," त्या म्हणाल्या.

"चोळलं ना मावशी. आता लिंबाचा आणि औषधाचा, दोन्ही वास येतात."

नवसाबाईंना हसू आलं, आणि हसल्याचा लगेच रागही आला. संजनाचा नवरा भिकन दिंडोरीकडे द्राक्षबागांवर फवारणीला जायचा, रोजंदारीनं. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. उन्हाळ्यापर्यंत तो ह्याच कारखान्यात, भिंतीपलीकडे ओव्हनवर होता. त्याला घरी कसं बसवलं गेलं हे संजनाला माहीत नव्हतं. नवसाबाईंना होतं. आणि दुपारच्या सुट्टीत संजना आपल्या डब्यातली ठेच्याची वाटी आधी त्यांच्यापुढे सरकवायची. तो ठेचा हल्ली त्यांना जास्तच तिखट लागायचा.

कारखाना अंबडच्या एमआयडीसीत, धनराजशेठचा. तिथं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली व्हायच्या. बायका तांबं गुंडाळायच्या, मग कॉइल ओव्हनमध्ये भाजून अगदी कोरडीठाक करायची, मग साच्यात ठेवून वर रेझिन ओतायचं. ते आळलं की झाली कॉइल दगडासारखी. शेठना परदेशी कंपनीची ऑर्डर मिळाली आणि ह्या कॉइली समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी आहेत असं त्यांनी सांगितलं, तेव्हा नवसाबाईंना वाटलं शेठ थट्टा करतायत. त्या घोटीकडच्या. पाण्यात त्यांनी फार तर भात उभा राहिलेला पाहिला होता. एवढे डोंगर मोकळे पडलेले असताना चक्की समुद्रात कशाला रोवायची?

"तिथं वारा अडवायला काही नसतं, नवसाबाई," शेठ म्हणाले होते. "आणि बिघडलं तर दुरुस्तीला जायलाही काही नसतं. बोट लागते, क्रेन लागते, लाटा थांबाव्या लागतात. म्हणून काम असं करा की पुन्हा बघायला लागू नये."

काम तसंच केलं सगळ्यांनी. फक्त मध्ये दसरा आला.

दोन हजार दोन सालचा दसरा. पहिली कॉइल ओव्हनमध्ये होती. आदल्या दिवशी भिकन सांगून गेला होता, "मावशी, उद्या मी नाही. आमचा धम्मचक्र दिवस, लेण्यांवर जायचंय सगळ्यांना घेऊन. संजना पण नाही. कॉइल आत गरमच राहू द्या, परवा आल्यावर मी काढतो." शेठचीही परवानगी त्यानं घेतली होती. सगळं तोंडी. त्या कारखान्यात कागदावर काही मागायची पद्धतच नव्हती.

दसऱ्याला सकाळी मशिनांची पूजा. सुपरवायझर दिनेश म्हणाला, "मावशी, एक्स्पोर्टचा पहिला माल आहे. नुसती मशिनं काय पूजायची? कॉइलच मांडू पाटावर." ओव्हन बंद केला आणि निवल्यावर दोघांनी धरून बाहेर काढली. नव्या तांब्याची कॉइल चिंचेनं घासलेल्या बंबासारखी लखलखत होती. झेंडूची माळ घातली, आपट्याची पानं वाहिली. थोरली सवाष्ण म्हणून नवसाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. शेठनी नारळ फोडला, दिनेशनं त्याचं पाणी आंब्याच्या पानानं कॉइलवर शिंपडलं. मग एकेकानं येऊन चिमूटचिमूट कुंकू टाकलं. सगळ्यांना बरं वाटत होतं. आपल्या हातचं काही समुद्रात उभं राहणार होतं.

दुपारी दिनेशच्या डोक्यात आलं, कंटेनरची तारीख जवळ आलीय, तर दसऱ्याच्या मुहूर्तावरच रेझिन ओतून टाकू. "पण मावशी, परत ओव्हनला लावायची का? मग उद्यापर्यंत थांबावं लागेल. आणि भिकनही नाही."

नवसाबाईंच्या घरी त्या दिवशी लेक आणि नवे जावई यायचे होते. पुरण शिजवून ठेवलं होतं, वाटायचं बाकी होतं. त्यांनी पदरानं कॉइल सगळीकडून पुसली, बोटं आत घालून झेंडूच्या पाकळ्या काढल्या आणि म्हणाल्या, "कोरडी हाय. ओता."

पोळ्या त्या दिवशी फार छान झाल्या होत्या. जावई पाच जेवले.

कॉइल समुद्रात सव्वा वर्ष टिकली आणि भर थंडीत, लाटा पुरुषभर उंच असताना जळाली. चक्की बंद पडली. लाटा बसेपर्यंत माणसं काठावर वाट बघत राहिली. परदेशातून शेठना फोन आला. शेठनी केबिनमध्ये दिनेशला आणि नवसाबाईंना बोलावलं. विचारलं, "त्या दिवशी ओव्हनवर कोण होतं?"

"भिकन, सर," दिनेश म्हणाला. "पण तो सुट्टीवर होता."

"म्हणजे ओव्हन बंद होता?"

दिनेश नवसाबाईंकडे बघायला लागला. शेठही बघायला लागले. नारळ फोडणारे, पाणी शिंपडणारा आणि हळदकुंकू वाहणारी, तिघंच होती तिथं. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी काम भागलं असतं.

"ओव्हन बंद होता, हे खरं," नवसाबाई म्हणाल्या.

त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. ह्याच गोष्टीवर त्या त्यानंतर कितीतरी दिवस अडून बसल्या, देवासमोरसुद्धा. पण देव काही हुशारीला भुलत नसावा, कारण झोप लागायची बंद झाली. एप्रिलात भिकनला 'सध्या घरी थांब' सांगण्यात आलं. चौकशी व्हायची आहे, झाली की बघू. कारखान्यात कुजबुज झाली ती एवढीच: "त्यांच्यातला आहे ना तो, ते दसऱ्याला कामावर येतच नाहीत."

आज ती चौकशी होती. त्या परदेशी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून एक मॅडम आल्या होत्या. चाळिशीच्या, सुती साडी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. दुपारी सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे भिंतीला टेकून. संजना नवसाबाईंच्या शेजारीच उभी होती. बसमध्ये राहते तशी, खांद्याला खांदा लावून.

"आम्हाला दोषी नकोय," मॅडम म्हणाल्या, "धडा हवाय. समुद्रात आणखी ऐंशी चक्क्या उभ्या राहणार आहेत. एक चूक जमिनीवर बारकी वाटते, तिथं तिला बोट आणि क्रेन लागते. तर सांगा, काय शिकलो आपण?"

मंडळी धडे सांगायला लागली. दिनेश म्हणाला, पॅकिंगला डबल प्लॅस्टिक हवं. स्टोअरवाला म्हणाला, रंगाचा आणखी एक हात. कुणी म्हणालं, समुद्राच्या हवेत मीठच फार. मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या. समुद्राला दोष देणं सोपं होतं, तो काही अंबडला येऊन खुलासा करणार नव्हता.

मग मॅडमनी एक फोटो भिंतीवर दाखवला. जळालेली कॉइल तिकडे करवतीनं कापली होती. आत, तांब्याच्या दोन वेढ्यांमध्ये, रेझिनला फोड आले होते आणि मधोमध पिवळा डाग होता, कडेनं लालसर.

"हे फोड ओलाव्याचे, एवढं कळलं," मॅडम म्हणाल्या. "पण हे पिवळं काय आहे, तिकडे कुणालाच सांगता येईना. तुमच्याकडे असं काही वापरतात का?"

त्या हॉलमधल्या झाडूवालीपर्यंत प्रत्येकाला कळलं होतं ते काय आहे. संजनाचं घर सोडलं तर प्रत्येकाच्या घरी रोज सकाळी ते देवापुढे पडत होतं.

"गंज असेल," दिनेश म्हणाला.

"तांब्याला?"

"मीठ असेल मग. तिकडचं मीठ वेगळं असतं."

शेठनी घसा साफ केला. "मॅडम, मुद्दा ओव्हनचाच आहे. ऑपरेटर न सांगता गैरहजर राहिला, कॉइल पुरती सुकली नाही. आम्ही त्याला कमी करतोय. धडा हाच लिहा, की ओव्हनला पर्यायी माणूस हवा."

शेजारी संजनाचा खांदा ताठ झालेला नवसाबाईंना जाणवला. "सांगून गेले होते ते," ती पुटपुटली, नवसाबाईंनाच ऐकू जाईल इतपत. "मावशी, तुम्हाला सांगून गेले होते ना?"

मॅडमनी खडू उचलला. एकदा फळ्यावर उमटलं की ते सातासमुद्रापलीकडे जाऊन कायमचं होणार होतं.

"सांगून गेला होता," नवसाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "मला बी आन् शेठना बी. कॉइल सुकली होती, मॅडम. आम्ही ती पूजेला बाहेर काढली. ते पिवळं हळद हाय, माझ्या हातची. लाल हाय ते कुंकू, सगळ्यांचं. वर नारळाचं पाणी. दिनेशनं विचारलं परत भाजायची का, तर मी पदरानं पुसली आन् ओता म्हणाले. घरी पाव्हणे होते."

कुणीतरी श्वास सोडला. आणि मग गंमत झाली, सगळे एकदम मोकळे झाले. शेठ चक्क हसले. "भावनेच्या भरात झालं हो मॅडम. मीच तो नारळ फोडला. नवसाबाईंचा काही दोष नाही, कुणाचाच नाही." दिनेश म्हणाला, आता पूजेला कॉइलचा फोटो ठेवू. मॅडमसुद्धा हसल्या आणि फळ्याकडे वळल्या. नवसाबाईंना वाटलं, सुटलो. भिकन उद्यापासून कामावर येईल. शेठ तसं म्हणालेही, "गैरसमज झाला त्याच्याबाबतीत. बोलावून घेऊ."

संजना हसली नव्हती. ती भिंतीपासून पुढे झाली आणि वळून नवसाबाईंच्या समोर उभी राहिली.

"पूजेला सगळे होते," ती म्हणाली. "आम्ही दोघंच नव्हतो. मग नाव ह्यांचंच का घेतलं, मावशी?"

"अगं, सिस्टिमप्रमाणे ओव्हनवर त्याचंच..." दिनेश बोलायला लागला.

"मी मावशींना विचारते."

शेठ घड्याळाकडे बघत होते. मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. नवसाबाईंना खाली बघावंसं वाटत होतं, पण ज्या पोरीच्या डब्यातलं त्या रोज खात होत्या, तिच्या तोंडाकडे बघूनच बोलणं भाग होतं.

"तुम्ही जयभीमवाले, म्हणून," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर आम्ही सगळे भांडलो असतो. त्याचं घेतलं, तर कुणीच भांडलं नाही. मी पण नाही."