नऊ डेपो वगळून

आमच्या खात्यात एक तक्ता आहे. देशातल्या प्रत्येक कचरा डेपोची त्यात एक ओळ: किती कचरा पडला, त्यातून वर्षभरात किती मिथेन हवेत गेला. सगळ्या ओळींची बेरीज म्हणजे देशाचा आकडा. तीस वर्षांच्या आकड्यांची जी रेघ निघते ती आधी एकोणीस वर्षं चढत होती आणि गेली अकरा वर्षं उतरतेय. उतरली म्हणून साहेबांना बढती मिळाली. आता ती परदेशातल्या हवामान परिषदेत मोठ्या पडद्यावर झळकणार आहे.

ती का उतरली ते मला विचारा. मीच उतरवलीय.

तक्ता मी भरते. दुसऱ्या रकान्यात प्रश्न असतो, डेपो चालू आहे का? तिथे ‘नाही’ लिहिलं की पुढचे रकाने आकडा घेतच नाहीत, आणि पुढच्या वर्षी ती ओळच गळते. अकरा वर्षांत नऊ डेपो बंद झाले, नऊ वेळा मी ‘नाही’ लिहिलं. फाटकाला कुलूप, वर माती, मातीवर गवत, संपलं. पुरलेला कचरा पुढे कित्येक वर्षं कुजतो आणि गॅस सोडत राहतो, हे शिकायला खात्याने मला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे मी पहिली आले होते. शिकलेलं तिथेच ठेवून आले म्हणायचं.

माझी धाकटी नणंद पाळणाघर चालवते. एका बंद डेपोला लागून नवी वस्ती झालीय, तिथे तळमजल्यावर दोन खोल्या, बारा मुलं. परवा म्हणाली, “वहिनी, मोरीतून घाण वास येतो गं. मुलांची डोकी दुखतात. तुझं ते यंत्र आणून बघ ना.”

रविवारी ऑफिसचा गॅस मोजायचा मीटर घेऊन गेले. मोरीच्या जाळीशी धरला. हवेत साडेतीन टक्के मिथेन. पाचला पोचला की स्फोटाला एक ठिणगी पुरते, आणि मोरीपासून दोन हातांवर दूध तापवायची शेगडी. शेगडी बाहेर काढली, खिडक्या सताड उघडल्या आणि म्हटलं, उद्यापासून एकही मूल इथे नको.

“दोन दिवस सुट्टी देते,” नणंद म्हणाली. “पण मुलांच्या आयांना कामावर जायचं असतं. त्या हे दाखवतील मला.” तिने भिंतीवरचा परवाना काढून दिला. मागे आमच्या खात्याचा दाखला जोडला होता: परिसरात मिथेनचा एकही नोंदलेला स्रोत नाही. खाली माझी सही. आलेल्या अर्जातला पत्ता तक्त्याशी ताडायचा आणि सही ठोकायची, असे दिवसाला वीस दाखले मी देते. तो तिच्या पाळणाघराचा होता हेही मला आठवेना. नणंदेने तो माझ्या हातातून घेऊन परत भिंतीवर लावला.

सोमवारी साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, नऊ ओळी परत घालायच्या आणि हा दाखला आजच रद्द करायचा.

“कोणत्या डेपोचा गॅस म्हणता?” साहेब म्हणाले. “यादीत तो डेपोच नाही, मॅडम.”

“यादीतून मी काढला. जमिनीतून कोण काढणार?”

“परिषद होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी दुरुस्ती करू. ऐन वेळी आकडा चढला तर देशाचं नाक कापलं जाईल.”

“नाक असतं तर वास आला असता, साहेब.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पण यांना तांबडं नकोच होतं, यांना झाकण हवं होतं, आणि अकरा वर्षं ते झाकण मी होते. यंदाच्या तक्त्यावर मी सही केली नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने चहा संपायच्या आत केली. मला वाटलं होतं, माझ्यावाचून काहीतरी अडेल.

दाखला रद्द झाला नाही. बुधवारी सकाळी मी पाळणाघराच्या दाराशी गेले. आया मुलांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, नणंद किल्ली हातात घेऊन घुटमळत होती. मी कोरा कागद काढला आणि लिहिलं: या खोलीत कचऱ्याचा गॅस आहे. मी स्वतः मोजलाय. आधीचा दाखला खोटा आहे, तोही मीच दिला होता. खाली नाव, हुद्दा, खातं, सही. नोकरी जाईल हे कळत होतं. चिकटपट्टी लावून तो दारावर डकवला.

दवाखान्यात नर्स असलेल्या एका आईने तो सावकाश वाचला. तिचं मूल खांद्यावर झोपलं होतं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “दीड वर्ष माझी मुलगी इथे येतेय. तुम्ही कुठे होतात?”

“ऑफिसात,” मी म्हटलं.

ती मुलीला घेऊन गेली. मग बाकीच्याही एकेक करून गेल्या.