नको असलेले पाच नंबर

मित्रांनो, मी एक जुना, काळा, तबकडीचा टेलिफोन आहे. खोटं बोलायची मला सवय नाही. तारेतून येतं तेवढंच सांगतो, फार तर चिमूटभर मीठ लावून.

रादोम शहरातल्या कारखान्यात मी घडलो आणि गेनोवेफाआजींच्या घरी आलो. तेव्हा गल्लीत मी एकटाच! लोक पाय पुसून आत येत आणि माझ्याशी टोपी काढून बोलत. पुढे घरोघरी फोन आले, खिशातही आले. माझ्यावर धूळ साचली. एका शरदात तर आजींनी माझ्यावर अळंबी वाळत घातली.

पण मागच्या फेब्रुवारीत आजींची नात कालिना आजारी पडली. चार वर्षांची पोर, तीन दिवस ताप, कान धरून रडायची. आई परगावी कामाला. दवाखान्यात तपासणीच्या वेळेचा नंबर मिळायचा तो फोनवर, सकाळी सातला, आणि सव्वासातला संपायचा. आजींनी दोन दिवस तबकडी इतकी फिरवली की त्यावर पिठाची गिरणी चालली असती. नंबर काही लागला नाही.

"उद्या आम्हीपण लावतो, आपापल्या नावानं," कुंपणापलीकडून हिएरोनिमकाका म्हणाले. "ज्याला लागेल त्याचा नंबर पोरीचा."

तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. लाइन व्यस्त, व्यस्त, व्यस्त. आजी उभ्या राहून फिरवत होत्या. शेवटी लागला.

"आजचे नंबर संपले, बाई."

आजींनी रिसीव्हर ठेवला, तोच हिएरोनिमकाका सपाता फटफटवत धावत आले. "मिळाला! आठ चाळीस! गुडघा दुखतो म्हणून सांगितलं!"

"मला नऊ वीस!" मागून बोगुमिवाबाई ओरडल्या. बघता बघता दारात सहा शेजारी, सहा नंबर.

"अहो, म्हणजे लाइन तुम्हीच अडवून बसला होतात!"

"मग? तुमच्यासाठीच की!"

आजींनी डोळे पुसले आणि पुन्हा रिसीव्हर उचलला.

"आता कुणाला?" काकांनी विचारलं.

"दवाखान्याला. पाच नंबर परत करायचेत."

"राहू द्या हो! डॉक्टरीणबाई जरा चहा पितील."

"चहा? कुठेतरी पाच आया माझ्यासारख्याच बोटं झिजवत असतील. कुणी फोनला हात लावायचा नाही!"

पंचवीस वेळा फिरवलं. सव्विसाव्यांदा लागला.

"सांगितलं ना बाई, नंबर संपले!"

"मागत नाही. परत देतेय."

पलीकडे पेन खाली पडल्याचा आवाज आला. मग त्या बाईने पाचही नंबर लिहून घेतले.

आठ चाळीसला कालिना आत गेली. परत आल्यावर आजींनी सगळं माझ्यातूनच लेकीला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी यादी पाहिली, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिएरोनिमचा गुडघा चांगलाच लहान झालाय!" कान सुजला होता. औषध मिळालं, तिसऱ्या दिवशी पोर माझ्या वायरीशी खेळू लागली.

मित्रांनो, आजारी पोरासाठी फोन लावायचा सोडू नका. पण नंबर नको झाला, तर तो परत करायलाही तितक्याच चिकाटीने फोन लावा. त्या सकाळी पलीकडची बाई रिसीव्हर ठेवायला विसरली होती. तिच्या दुसऱ्या फोनवरचं बोलणं मी या कानांनी ऐकलं:

"हो, आहे ना नंबर. रडू नका. नऊ वीसला घेऊन या बाळाला."