डोंगरापलीकडचा टोमॅटो

माझी भावजय पेरिना आमच्या घरात येऊन बावन्न वर्षं झाली. पहिल्या वर्षी ती तीनदा रडली. दोनदा माझ्या आईमुळे आणि एकदा चुलीच्या धुरामुळे, असं ती सांगते. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि त्या दिवशी चूल पेटलेलीच नव्हती.

आता मी त्याच्या समोरच्या घरात राहते. मधली गल्ली एवढी अरुंद की तिच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय हे मला झाकण उचलायच्या आधी कळतं. कोण काय बोललं, ऐकणाऱ्याने काय गिळलं, हे सगळं माझ्या लक्षात राहतं. याला आमच्या बेटावर, विस गावात, चोंबडेपणा म्हणतात, पण कुणाचं बारसं कधी झालं हे विचारायला माझ्याकडेच येतात.

ऑगस्टमध्ये पेरिनाची नात नेवेना आली. राजधानीत, झाग्रेबमध्ये वाढलेली पोर, ऑक्टोबरात नवऱ्याबरोबर आयर्लंडला चाललेली. येताना एक जाड वही घेऊन आली. आजीच्या, तिच्या नोनाच्या हातचं सगळं त्यात उतरवून न्यायचं होतं.

"नोना, तेल किती?"

"पुरेल इतकं."

"म्हणजे किती चमचे?"

"चमचा कशाला? बाटली आहे ना समोर."

दहा दिवसांत वहीत बरंच काही आलं. शेंगदाण्याएवढ्या बारीक मकरोनीचं घेवड्याचं कढण, बटाटा घालून पालेभाजी, भात भरलेलं माकूल. अकराव्या दिवशी पोगाचाची पाळी आली. नेवेनाने वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमच्या घरची पोगाचा'.

आमच्या विस गावात पोगाचा म्हणजे पावाच्या पिठाच्या दोन पोळ्या, मध्ये कांदा आणि खारवलेली तारली. डोंगरापलीकडे कोमिझात त्यात टोमॅटो घालतात. फरक एवढाच, पण या एका टोमॅटोवरून दोन्ही गावांनी एकमेकांचा जेवढा उद्धार केलाय तेवढा कुठल्या शत्रूचा केला नसेल. पेरिना कोमिझाची. लग्न ठरताना माझी आई म्हणाली होती, "मुलगी डोंगरापलीकडची चालेल, टोमॅटो चालणार नाही." आणि बावन्न वर्षं तो चालला नाही.

पेरिनाचे पिठातले हात थांबले. "नेवेना, ते वरचं खोड. ही तुझ्या आजोबांच्या आईची पोगाचा. माझ्या आईची वेगळी होती."

"मग तीही लिहून घेते."

"ती मी कधी केली नाही."

"कधीच नाही?"

"कुठे करणार होते?"

माझा भाऊ याकोव अंगणात घेवडा सोलत होता. तो तिथूनच बोलला, "या घरात नाही."

"याकोव, तुझी आई जाऊन एकतीस वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? घर तेच आहे."

पण नेवेना बागेत गेली आणि ओंजळभर टोमॅटो घेऊन आली. शहरातल्या पोरींना हे एक बरं जमतं, नियम माहीत नसल्यासारखं करणं. पेरिनाने ते हातात घेतले, परत ठेवले, पुन्हा घेतले. मग चिरले.

तासाभराने पोगाचा बाहेर आली. वरून बघायला देखणी होती. याकोवने तुकडा उचलला तसा खालचा पापुद्रा ओल्या कागदासारखा सुटला आणि सारण त्याच्या गुडघ्यावर उतरलं.

"आई म्हणायचीच," तो म्हणाला.

"चव छान आहे, नोना," नेवेना म्हणाली.

"खोटं नीट बोलायलाही वय लागतं, पोरी." पेरिना खुर्चीत बसली. "माझ्या आईची अशी नव्हती. का अशीच होती, कुणास ठाऊक. विचारायला आता तिकडे कुणी उरलं नाही." मग वहीकडे बोट करून म्हणाली, "ते पान फाड. तुझ्या पोरांना सासूबाईंचीच शिकव. ती चांगली आहे."

नेवेनाने पानाचं टोक धरलं.

मी दारात उभी होते. त्या क्षणी मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती सांगायची तर दुसरीही सांगावी लागणार होती.

पेरिनाच्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात आईने मला शिवण शिकायला महिनाभर कोमिझाला पाठवलं होतं. शिंपीणबाईचं दार पेरिनाच्या आईच्या, लुक्राबाईंच्या दाराला लागून. दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायची. परत आले तेव्हा घरात याकोवच्या तोंडी पेरिनाशिवाय दुसरं नाव नव्हतं आणि आईच्या तोंडी एकच प्रश्न होता, "काय गं, तिकडे काय खातात?" तिला कुठलं उत्तर हवंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हणाले, "टोमॅटोचं पाणी होतं. तळ भिजतो. कोपरापर्यंत ओघळ येतो." आईने मला जवळ घेतलं. आठवड्याभरात तिने अट घातली.

"वहिनी," मी म्हणाले, "तू सारण गरम भरलंस."

"मग?"

"लुक्राबाई आदल्या दिवशी करून ठेवायच्या. टोमॅटो कांद्यात तेल सुटेपर्यंत आटवायच्या, मग पसरट भांड्यात काढून खिडकीत ठेवायच्या. तारली भरताना वरून. तू मासळीच्या कारखान्यातून यायचीस तोवर पोगाचा भट्टीतून निघालेली असायची. आणि रविवारी याकोव तिकडे यायचा, तुझं लक्ष त्याच्यावर."

"तुला कसं माहीत?"

"पाहिलंय मी. खाल्लीये. तळ कधी भिजला नाही."

पेरिना खुर्चीतून उठली. "तू सासूबाईंना सांगितलं होतंस की..."

"सांगितलं होतं."

"त्या मला ऐकवायच्या. 'माझ्या पोरीने स्वतः खाल्लंय.' मला वाटायचं, पाहुणी पोर म्हणून माझ्या आईने घाईघाईत काहीतरी करून वाढलं असेल. मी माहेरी गेले की तिच्या ओट्याकडे बघायची आणि मला तिची लाज वाटायची." ती एवढं शांतपणे बोलली की मला बसावंसं वाटलं, पण कुणी बस म्हटलं नव्हतं.

"किती तुकडे खाल्लेस?" याकोवने विचारलं.

"चार. दर शुक्रवारी."

"चार," तो म्हणाला आणि पुन्हा घेवड्याकडे वळला.

पेरिना ताट उचलून आत गेली. दोन दिवस तिच्या खिडकीची झडप बंद राहिली. बावन्न वर्षांत ती माझ्यावर सातदा रुसली, पण झडप कधी लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी नेवेना भेटली तेव्हा मी पानाचं विचारलं. "फाडलं नाही," ती म्हणाली, "पण लिहिलंही काही नाही. नोना काही बोलतच नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी झडप उघडली.

"आटवलंय," पेरिना म्हणाली. "गार म्हणजे किती गार ते मला माहीत नाही. ये."

मी गेले. खिडकीत पसरट भांडं होतं, तेल कडेला सुटलेलं, लालसर. नेवेना वही उघडून बसली होती. मी बोट बुडवून पाहिलं.

"अजून नाही."

"मग बस." तिने खुर्ची पायाने पुढे ढकलली. माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आणखी काय करायची माझी आई? मी कारखान्यात असताना. सगळं सांग. तुला हवं ते नको, झालं ते सांग."

नेवेनाने पेन उचललं. पेरिनाने तिला हातानेच थांबवलं.

"कांदा त्या उभ्याने चिरायच्या," मी सांगू लागले. "समुद्राकडे पाठ करून. आणि सारख्या मला विचारायच्या, तुमच्याकडे माझ्या पोरीला त्रास तर नाही ना देणार."

"तू काय सांगायचीस?"

"'नाही देणार' म्हणायची."

पेरिनाने भांड्याकडे बघितलं. "पुढे," ती म्हणाली.