पन्नास वॅट की पाच

नागवोन बाजारातल्या प्योच्या वाद्यांच्या दुकानात वॉनहो इतकी वर्षं एकटाच येत आला होता. गिटारच्या तारा घ्यायच्या, अ‍ॅम्पचा एखादा व्हॉल्व्ह बदलायचा, कागदी कपातली गोड कॉफी प्यायची, गप्पा हाणायच्या आणि घरी जायचं. आज मात्र मिरान सोबत आली होती. बायकोला घेऊन खरेदीला गेलेल्या नवऱ्याचं जे होतं तेच त्याचं झालं. प्योने काहीही दाखवलं की त्याला आधी तिच्या तोंडाकडे बघावं लागत होतं.

तसा तो तिच्या तोंडाकडे बरीच वर्षं बघतच होता. त्याचा डावा कान केव्हाच गेला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. ही गोष्ट त्याने कुणाला म्हणजे कुणालाही सांगितली नव्हती. कॅफेतल्या स्टेजवर मिरान गायची, तिचे ओठ आणि खांदे बघून तो गिटारवर साथ करायचा, आणि आपली गिटार आपल्याला ऐकू यावी म्हणून अ‍ॅम्पचं आवाजाचं बटण दर वर्षी जरा पुढे सरकवायचा. कळलं तर कॅफेचा मालक दुसरा गिटारवाला आणील, मिरान त्याच्या शेजारी उभी राहील, आणि आपण घरी बसू. या भीतीने त्याला पोखरलं होतं.

वसंतात मिरानच्या घशाचं ऑपरेशन झालं. पुन्हा ओरडून गायलात तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. येत्या शनिवारी नदीकाठच्या कॅफेत ती ऑपरेशननंतर पहिल्यांदा गाणार होती, आणि नेमका आताच वॉनहोचा पन्नास वॅटचा जुना अ‍ॅम्प जळून बसला होता.

"मला तसलाच पन्नासचा दे," वॉनहो म्हणाला.

"दादा, तेवढ्याशा कॅफेत पन्नास? नदीतले मासे उड्या मारत बाहेर येतील."

"मग पंचवीसचा दे."

"पंचवीसने काय होणार? वॅट निम्मे केले म्हणून आवाज निम्मा होत नाही. निम्मा हवा असेल तर ताकद दहाव्या हिश्श्यावर आणावी लागते." प्योने कोपऱ्यातली एक छोटी पेटी पुढे ओढली. "हा पाचचा बघा. जरा वर नेला की व्हॉल्व्ह गोड बोलायला लागतात. वहिनींच्या आवाजावर ताण नाही."

"पाच म्हणजे शाळकरी पोरांचं खेळणं."

"सोराचे बाबा," मिरान लेकीच्या नावाने हाक मारत हळूच म्हणाली. ऑपरेशनपासून ती सगळंच हळू बोलायची. "दोन्ही लावून बघा ना. मी गाते."

नको म्हणायला त्याला काही कारण सुचेना. ती नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसली.

आधी पाचचा लावला. शेजारच्या घरात कुणी वाजवतंय, असं त्याला वाटलं. दोन ओळींतच त्याने हात थांबवला. "दम नाही याच्यात."

मग पन्नासचा लावला. त्याने बटण नेहमीच्या जागी नेलं, आणि आवाज छातीवर येऊन आदळला तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं. होडीवाल्याचं त्यांचं जुनं गाणं त्याने धरलं. मिरानचे ओठ हलू लागले, मानेची शीर ताठ झाली. ती श्वास घेई तिथे तो थांबे, ती सूर लांबवी तिथे तोही लांबवी. एकही जागा चुकली नाही. गाणं संपलं तेव्हा तो खुशीत होता.

"बघ, तुझा आवाज कसा उठून येतोय. शब्द न् शब्द ऐकू आला मला."

प्यो हातातल्या कपाकडे बघत राहिला. त्याची कॉफी तशीच होती.

"शेवटचं कडवं कसं झालं?" मिरानने विचारलं.

"सगळ्यात छान."

"ते मी गायलंच नाही," ती म्हणाली. "नुसते ओठ हलवले."

वॉनहोला तोंड कुठे लपवावं कळेना. तो गिटारच्या तारांवरून उगाच बोटं फिरवत बसला.

"घरी हाक मारली की ओ देत नाही तुम्ही. वाटलं, माझ्यावर रागावलात. मग संशय आला. किती वर्षं चाललंय हे?"

त्याने पन्नासचा बंद केला.

"मला वाटायचं, माझाच आवाज कमी पडतोय. म्हणून मी ओरडत राहिले. घशावर सुरी चालवून घेतली, तरी दोष माझाच वाटत होता मला. आणि तुम्ही शेजारी बसून बटण वाढवत होतात."

"तू दुसरा कुणी बघ," तो कसाबसा म्हणाला. "प्योच्या ओळखीत चांगली पोरं आहेत."

"आता पळायचं नाही. शनिवारी तुम्हीच वाजवायचं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही तेवढाच होता. "कुठला कान गेलाय?"

"डावा. उजव्यात थोडं आहे."

आयुष्यभर आपण याच्या डाव्या हाताला उभ्या राहिलो, हे तिच्या चेहऱ्यावर त्याला स्पष्ट वाचता आलं. ती उठली. प्योला तिने पाच वॅटची पेटी उंच टेबलावर, वॉनहोच्या उजव्या कानाशी ठेवायला सांगितली. मग स्वतःचं स्टूल उचलून त्याच्या उजव्या हाताला, जरा मागे ठेवलं.

"वाजवा. आणि माझ्या तोंडाकडे बघायचं नाही."

त्याने समोरच्या भिंतीकडे बघत सुरुवात केली. कानाशी असल्यामुळे गिटार बऱ्यापैकी ऐकू आली. ती मात्र ऐकू येईना. ती गातेय की पुन्हा परीक्षा घेतेय, काही समजेना. त्याने बटण खाली आणलं, वाजवलं, आणखी खाली आणलं.

आणि मग गिटारखालून तिचा आवाज आला.

तो त्याच्या आठवणीतला आवाज नव्हता. घोगरा होता, झिजलेला होता. होडी सुटते तिथला उंच सूर ती एके काळी सहज धरून ठेवायची. आज तो मधेच फाटला. तिने श्वास घेतला आणि तो पुन्हा उचलला.

प्यो समोर येऊन दोन्ही पेट्यांकडे बोट दाखवत काहीतरी विचारत होता, बहुतेक कुठला बांधून देऊ म्हणून. वॉनहोने उत्तर दिलं नाही. बटण अजून खाली जाण्यासारखं होतं, आणि त्याने ते नेलं.