दुसरी सही

"करंजीत सारण हाय का नुसतं वारं कोंबलंय? कानाशी धरली तर शिट्टी वाजंल."

बयाबाई भिंतीकडं तोंड करून बोलत होती, म्हणजे ते कुणालाच उद्देशून नव्हतं. पण चाळीतल्या त्या खोलीत चूल आणि भिंत यांच्यात दोन हातांचं अंतर. कुणालाच उद्देशून नसलेलं सगळं शालूबाईच्या कानात पडायचं. ती तळत राहिली. या घराला यंदा खोबरं का परवडत नाही, हे सासूला चांगलं ठाऊक होतं. नेमकं तेवढंच सोडून म्हातारी सात महिने बाकी सगळ्याला बोलत होती: तेलाला, कंदिलाच्या काचेला, राशनच्या गव्हाला.

तिला मनाई होती. हरिबानं एकदाच सांगितलं होतं, "आई, सही मी केलीया. शालूच्या माहेराचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई." म्हातारीनं शब्द पाळला. नाव तेवढं काढलं नाही.

हरिबा माधवनगरच्या एका गिरणीत मागावर होता. दुष्काळात वडूजकडनं निघताना त्यानं दोन शेळ्या विकून गावातलं शेवटचं देणं फेडलं आणि मगच एस.टी.त पाय ठेवला. तेव्हापासून एक पैसा उसना नाही, वाण्याकडं वही नाही. साखर नसली तर गूळ, गूळ नसला तर बिनगोडाचा चहा, आणि तोही फुर्र करून असा प्यायचा की बघणाऱ्याला वाटावं, गोड याचाच. पाठ टेकली की घोरायचा. देणं नसलेल्या माणसाचं घोरणं वेगळं असतं, असं बयाबाई शेजारणींना अभिमानानं सांगायची. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर सावकाराची माणसं उभी असत आणि निम्मे कामगार मागचं कुंपण चढून पळत. हरिबा मुद्दाम पुढच्या फाटकानं, हात पाठीमागं बांधून, सावकाश बाहेर पडायचा आणि त्या माणसांना "राम राम, बरं हाय न्हवं?" असं विचारून पुढं जायचा. त्याचा शौक म्हणाल तर एवढाच.

मग बाळासोचं प्रकरण झालं. बाळासो शालूबाईचा धाकटा भाऊ, तेव्हा त्याच गिरणीत होता. आष्ट्याला सायकलचं दुकान टाकायला त्यानं गिरणीच्या पतपेढीतून तीन हजारांचं कर्ज मागितलं. जामीन हवा होता. हरिबा नको म्हणाला. शालूबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी "आई मेल्यावर मीच वाढवलाय त्याला, माझ्यावर तरी इस्वास हाय का न्हाई?" म्हणून रडली आणि पेन नवऱ्याच्या हातात तिनंच दिलं. पाच महिन्यांनी बाळासोनं गिरणी सोडली, हप्ते थांबवले, आणि पतपेढी रीतीप्रमाणे ते जामीनदाराच्या पगारातून कापू लागली. महिन्याला साठ रुपये.

पहिल्यांदा कापले तेव्हा पगाराचं पाकीट देताना हरिबा म्हणाला, "ह्या खेपंला जरा कमी हाय."

"असू द्या," ती म्हणाली.

त्या विषयावर नवराबायकोत झालं ते बोलणं एवढंच. पुढं एक दिवस शेजारच्या चंद्राबाईनं तिला सांगितलं, की हरिबा आता फाटकातून मान खाली घालून येतो, राम राम करत नाही. साठ रुपयांपेक्षा ते शालूबाईला जास्त लागलं.

आज भाऊबीज. अकराच्या सुमाराला बाळासो आला. अंगात नवा टेरिलीनचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, बगलेत कापडाचं पुडकं.

"अक्का, आवर लवकर. दीडची गाडी गाठायची हाय मला. दुकानात गिऱ्हाईक थांबत न्हाई."

"किती सायकली झाल्या रं?" हरिबानं विचारलं.

"चौदा, दाजी! तासाच्या भाड्यानं जात्यात. लय मागणी."

बयाबाईनं पाण्याचा तांब्या पाहुण्यासमोर जरा आवाज करूनच ठेवला. "चौदा! ब्येस झालं बाबा. आमच्या हरिबाचं पाय अजून बरं हायती. त्यो चालत जातो."

"आई," हरिबा म्हणाला.

"मी पायाचं बोलतीया."

बाळासो गरजेपेक्षा मोठ्यानं हसला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यानं हरिबाच्या मांडीशी सरकवला. "दाजी, शेजारचा गाळा मिळतोय. बँकेतलं सायेब दोन हजार द्यायला तयार हाईत. पगारदार मानसाची सही लागती, बास. ओवाळून झाल्यावर करा, घाई न्हाई."

घाई नाही म्हणतानाच त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

हरिबानं कागद वाचला. मग बायकोकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर शालूबाईला बरं वाटलं असतं. तो फक्त वाट बघत होता. तिनं नुसती मान खाली घातली तरी तो सही करणार होता, आणि पुढची कितीतरी वर्षं पाकीट देताना "जरा कमी हाय" म्हणणार होता.

तिनं निरांजन लावलं. काडी दोनदा विझली. आई नाही, बाप नाही. माहेर म्हणून उरलं होतं ते पाटावर बसलेलं हे एवढंच. त्याला दुखवलं तर पंचमीला आष्ट्याच्या गाडीत कुणाच्या जिवावर बसायचं? तिनं त्याला कुंकू लावलं, कपाळावर तांदळाचे दाणे चिकटवले. लहानपणी हे कपाळ तापलं की ती रात्रभर त्यावर ओली पट्टी ठेवायची. तिनं ओवाळलं. बाळासोनं पुडकं सोडून हिरवी साडी ताटात ठेवली.

"इरकल हाय, अक्का. साठ रुपयं मोजल्यात."

बयाबाईनं साडीवरनं नजर काढून हरिबाकडं बघितलं.

"चांगली हाय," हरिबा म्हणाला. त्यानं चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. "कुठं करायची?"

"हितं, दाजी. खाली." बाळासोचं बोट कागदावर टेकलं.

शालूबाईनं ताट खाली ठेवलं. निरांजन कलंडलं, थोडं तूप सांडलं. तिनं ते पुसलं नाही. वाकून नवऱ्याच्या हाताखालचा कागद काढून घेतला.

"अक्का! सणाच्या दिवशी ह्ये काय?" बाळासो अर्धवट उठला. "तुला त्यातलं काय कळतंय?"

"समदं कळतंय." तिनं कागदाची घडी घातली. "कर्ज तू काढलंस, बाळासो, आन् सात म्हैनं त्ये फेडतोय माझा नवरा. त्याला सही करायला लावली ती मी."