दिवा लावलाय, कोण कोण हाय?

मित्रांनो, आधी एका पत्राची गोष्ट सांगतो. त्या पत्राचे उत्तर दोन वर्षे माझ्या पोटात अडून राहिले होते. पत्र असे होते :

"महिपतराव, नमस्कार. रोज सांजंला हजर लोकांच्या यादीत सगळ्यात खाली तुमचं नाव दिसतं. सहा वर्सं झाली. तुमी येता, वाचता, जाता. एक शबुद बोलत न्हाई. आमचं काय चुकतंय का? एक ओळ लिवा. वाट बघतो. कल्लप्पा, वळसंग."

महिपतरावांनी ते चार वेळा वाचले, चष्मा काढून पुसला, पाचव्यांदा वाचले आणि मला उशीखाली पालथे घातले.

मी त्यांचा मोबाईल. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानाच्या काचेची आणि काचेपलीकडून चाललेल्या पायांची. महिपतरावांची पुतणी रुपाली मला तिथून घेऊन आली. काका वाचनालयातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षे त्यांनी लोकांच्या हातात पुस्तके दिली आणि परत घेतली, पण त्यांचा आवाज कसा आहे हे निम्म्या वाचकांना माहीत नव्हते. खोकला मात्र सगळ्यांच्या ओळखीचा होता.

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या काचेवर एक आडवी चीर आहे, पाठ थोडी फुगली आहे. रुपाली येते तेव्हा म्हणते, "काका, टाकून द्या हे, नवीन घेऊ." काका मान हलवतात आणि मला खिशात ठेवतात. त्यांनी मला कधी टाकले नाही, कारण माझ्यात माळरान होते.

माळरान म्हणजे इंटरनेटवरचे एक ठिकाण, एक चर्चामंच. तिथे चेहरे दिसत नाहीत, नावे दिसतात. आपल्या कोरड्या तालुक्यांतली, शेळ्यामेंढ्यांची, ज्वारीची माणसे आणि त्यांची पुण्याला, हैदराबादला गेलेली मुले तिथे जमत. रोज दिवेलागणीला वळसंगचे कल्लप्पा एक ओळ लिहीत : "दिवा लावलाय. कोण कोण हाय?" मग एकेक जण आपल्या गावाचे नाव सांगून हजेरी लावी. मैंदर्गीचा बिभीषण शेळ्या राखायचा. त्याच्या बोकडाचे नाव सभापती. तो लिही, "मी हजर. सभापतीबी हजर. बायको माहेरी गेलीया, म्हणून दोघंबी जरा जास्तच हजर." अक्कलकोटच्या विजयमालाताई निवृत्त शिक्षिका. त्या आल्या की बिभीषण सरळ बसतो असे वाटायचे, मोबाईलमध्येसुद्धा. खोकल्यावर, गुडघ्यावर, रुसलेल्या सुनेवर, सगळ्यांवर त्यांच्याकडे इलाज असे.

आणि कल्लप्पा. माळरानावर कोणी भांडले की ते कोणाची बाजू घेत नसत. मध्येच दोघांना विचारत, "जेवलासा का?" भांडण तिथेच बसायचे. कोणाची शेळी फुगली, कोणाच्या पोरीला नोकरीच्या मुलाखतीची भीती वाटली, तर ते प्रत्येकाला वेगळे उत्तर देत. सावकाश लिहीत. नावाखाली "लिहीत आहेत" असे बराच वेळ दिसे आणि मग दोनच ओळी येत.

महिपतराव हे सगळे आपल्या बायकोला, मथुराबाईंना, वाचून दाखवत. त्या भाकरी थापता थापता हसायच्या. "आणि तुम्ही काय लिहिलं?" त्या विचारत. "बघू, उद्या लिहितो," महिपतराव म्हणत.

त्यांनी लिहिले नाही असे नाही, मित्रांनो. त्यांनी लिहून पुसलेले सगळे मी वाचले आहे. "बिभीषणराव, तुमच्या सभापतीमुळे आमची मथुरा तीन दिवस हसते आहे." पुसले. "विजयमालाताई, काढा घेतला, खोकला गेला." पुसले. "कल्लप्पाण्णा, माझी ओळ तुमच्यात शोभणार नाही." तेही पुसले. पुसलेले शब्द कुठे जातात, मला ठाऊक नाही. पण संध्याकाळी मी गरम होत असे.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी बिभीषणने लिहिले, "कल्लप्पाण्णा गेले. आज सभापतीचं काय सांगत न्हाई." पुढे तीन संध्याकाळी त्यानेच दिवा लावल्याची ओळ लिहिली. चौथ्या दिवशी लिहिले, "माझ्या हातानं लागंना." त्यानंतर माळरानावर कोणी आले नाही. महिपतराव रोज उघडून बघत. रिकामे पान, खाली हजर लोकांच्या यादीत एकच नाव, त्यांचे स्वतःचे.

पंधराव्या संध्याकाळी ते असेच बसले होते. खाली नवी पेठेत रिक्षांचे आवाज, वर खोलीत दिवा लावायचा होता. एकाएकी मी थरथरलो. माझ्या चिरेच्या बरोबर खाली नाव उमटले : कल्लप्पा, वळसंग. नावाशेजारी हिरवा ठिपका, म्हणजे आत्ता हजर. "लिहीत आहेत" असे क्षणभरही दिसले नाही. ओळ एकदम आली, वरून टाकल्यासारखी.

"दिवा लावलाय. कोण कोण हाय?"

  महिपतरावांनी माळरानाचे पान उघडले. तिथे काही नव्हते. ती ओळ कोणालाच दिसत नव्हती. ती आली होती फक्त त्यांच्याकडे, त्या दोघांच्याच खाजगी पानावर, त्या जुन्या पत्राच्या खाली, उत्तर जिथे यायचे होते तिथे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तीच वेळ, तीच ओळ, तोच हिरवा ठिपका. ठिपका बराच वेळ तसाच राहायचा, कोणी पलीकडे बसून बघत असल्यासारखा, आणि मग विझायचा. आम्हा यंत्रांना भुताखेतांचे काही कळत नाही. पण मी काचेचा असून मला ती नजर जाणवायची, हे तुम्हाला खरे सांगतो. महिपतराव कोणाला विचारणार? ज्या मंडळींपुढे आठ वर्षे तोंड उघडले नाही, त्यांना पहिली ओळ ही लिहायची, की मेलेला माणूस मला हाक मारतो आहे?

मग महिपतराव दिवस मावळायच्या आत मला स्टीलच्या डब्यात ठेवू लागले. अंधारात मी थरथरलो की डबा फळीवर सरकायचा, खडखडायचा. एकदा मथुराबाईंनी झाकण उघडले.

"डब्यात मोबाईल का ठेवलाय हो? फरसाण संपलं म्हणून?"

महिपतराव पुस्तकामागून म्हणाले, "राहू दे तो."

"राहू दे काय? लाडवासारखा फुगलाय आधीच."

तेव्हा त्यांनी सांगितले. सांगताना दोनदा थांबले. मथुराबाई डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिल्या.

"कितवा दिवस?"

"बारावा."

"आणि तुम्ही काय लिहिलं त्यांना?"

"मेलेल्या माणसाला काय लिहिणार, मथुरा?"

"जिवंत होते तेव्हा तरी काय लिहिलंत?"

 मग त्या उठल्या आणि डबा फळीवर ठेवला, मला मात्र महिपतरावांच्या हातात दिले. "उद्या वळसंगला जाऊ. भेटायला जायला उशीर झालाच आहे. अजून किती करायचा?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. एसटी हलली तशी त्यांच्या छातीची धडधड मला मोजता येत होती. वळसंगला उतरलो तेव्हा ऊन कलले होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, वारा नव्हता, आणि एकही ताट हलत नव्हते. विचारत विचारत दोघे घरापाशी पोचले. दारात कल्लप्पांचा मुलगा बसप्पा उभा होता.

"तुमी कोण म्हणायचं?"

महिपतरावांनी मथुराबाईंकडे पाहिले. मथुराबाई म्हणाल्या, "सोलापूरहून आलो. तुमचे वडील ह्यांना लिहायचे."

"या की, बसा. अप्पा लई जणांना लिवायचे." बसप्पाने सतरंजी अंथरली. "सांजंला मोबाईल नुसता टिंग टिंग वाजत राहायचा. ही आमची आई, अव्वा, म्हणायची, घरात लग्नाचा मांडव घातल्यागत वाटतंय. आता येक वाजत न्हाई. अप्पा गेले आन् मंडळीबी गेली."

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. फोटोखाली इरकल लुगड्यातली एक म्हातारी बसली होती, कल्लप्पांची बायको सिद्धम्मा. तिने पाहुण्यांकडे बघून मान हलवली. बाहेर उजेड कमी होत होता. ती उठली, देवळीत दिवा लावला, हात जोडले. मग उशीखालून एक मोबाईल काढला आणि दिव्याशेजारी बसून काचेवर एक बोट ठेवले.

महिपतरावांच्या छातीवर मी थरथरलो.

ते अर्धे उठले. मथुराबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवले. सिद्धम्माने मोबाईल मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. तीच ती नजर. मी ओळखली.

बसप्पा हळू आवाजात म्हणाला, "शेवटी अप्पांचा हात लई कापायचा. लिवता येत नव्हतं. मग त्यांनी हिला शिकीवलं. हितं बोट दाबून धरायचं, ओळ उमटती, मंग बाण दाबायचा. हिला वाचता येत न्हाई, ना मराठी ना कानडी. दिवा लावला की हे दाबायचं, देवापुढं हात जोडल्यागत, येवढंच हिला ठावं. अप्पा गेल्यावर मोबाईल बंद पडला हुता. हिनं माझ्यामागं लागून दोन आठवड्यांनी सुरू करून घेतला."

"मग?" मथुराबाईंनी विचारले.

"मग काय? बसती वाट बघत. अप्पा चार जण बोलल्याबिगर जेवत नव्हते. ही बी तशीच. वाजत न्हाई आन् ही जेवत न्हाई. दोन घास खाल्ले तर खाल्ले. मी कामावरनं रात्री येतो, आज सुट्टी म्हणून घरात. मीबी ठरीवलंय, उद्यापासून मोबाईल बंद. किती दिवस हिला असं झुरू द्यायचं?"

महिपतराव उठले. सिद्धम्मापुढे जाऊन वाकले. "बघू का जरा?" म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की बसप्पाला ते आईला पुन्हा सांगावे लागले. सिद्धम्माने मोबाईल पुढे केला.

काचेवर तेच पान उघडे होते. वर त्यांचे नाव, खाली ते जुने पत्र, आणि पत्राखाली एकाखाली एक तीच ओळ, तेरा वेळा. शेवटच्या दिवसांत कधीतरी कल्लप्पांनी सोलापूरच्या माणसाचे उत्तर आले का ते बघितले असणार, आणि मोबाईल पुन्हा सुरू झाल्यावरही तेच पान पुढे आले असणार. तिने ते कधी बदलले नव्हते. बदलायचे असते हे तिला कोणी सांगितले नव्हते.

"ह्या ओळी कोणालाच पोचल्या नाहीत," महिपतराव म्हणाले. "मंडळींना माहीतच नाही. सगळ्या माझ्याकडे येत होत्या."

बसप्पा बघत राहिला. "मंग तुमी बोलला का न्हाईसा?"

 "यारू?" सिद्धम्माने मुलाला विचारले, हे कोण म्हणून. बसप्पाने कानडीत काहीतरी सांगितले. ते ऐकून ती रागावली नाही. तिने फक्त मोबाईल परत मांडीवर घेतला आणि पुन्हा त्याच्याकडे बघू लागली. समोर बसलेल्या माणसाचे तिला काही नव्हते. तिला आवाज हवा होता.

मित्रांनो, इथे तुम्हाला एक सांगायचे आहे. माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, माझी पाठ फुगली तर मला बदला. पण तुमच्याही रोजच्या वाचनात अशी माणसे असतील, जी कोणी न सांगता दिवा लावतात, हसवतात, जेवलात का विचारतात. ती कायमचीच आहेत असे तुम्हाला वाटते. ती पलीकडे बसून वाट बघतात हे मला माहीत आहे, कारण मी दोन्हीकडच्या मधला आहे. त्यांना एक ओळ लिहा. चांगली नसली तरी चालेल.

महिपतरावांनी मला खिशातून काढले. दिव्याच्या उजेडात सतरंजीवर बसून, एका बोटाने, त्यांनी लिहिले :

"कल्लप्पाण्णा, मी महिपती, नवी पेठ, सोलापूर. हजर. तुमचं काही चुकत नव्हतं. माझी ओळ तुम्हा मंडळींच्या ओळींशेजारी फिकी दिसेल, अशी भीती वाटायची. बिभीषणच्या बोकडानं माझ्या घरात हसू आणलं. विजयमालाताईंच्या काढ्यानं खोकला गेला. तुम्ही भांडणाऱ्यांना 'जेवलासा का' विचारायचात, तेव्हा मी घरात बसून मनात 'हो' म्हणायचो. त्या दोघांनाही हे आजच कळवतो. उत्तराला फार उशीर झाला. दिवा वहिनींनी लावलाय, मी बघितला. वहिनी, आता जेवून घ्या."

बोट सवयीने पुसायच्या खुणेकडे गेले आणि तिच्यावर थांबले.  ते बोट माझ्या चिरेवरून सरकत सरकत बाणापाशी आले आणि त्यांनी तो दाबला.

समोर सिद्धम्माच्या मांडीवर तो मोबाईल वाजला.